घरातली वीज मोजायची कशी आणि मग वाचवायची कशी: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पहिल्यापासून

उन्हाळ्याचं बिल आलं की घरोघरी तेच होतं, एसीवरून वाद होतात आणि मग कोणीतरी सांगतं फाइव्ह स्टार फ्रिज घे, सगळे पंखे बदल, नाहीतर ती सॉकेटला लावायची छोटी डबी घे, बिल निम्म्यावर येतं म्हणे. डबी तर अजिबात घेऊ नका, आपलं घरगुती बिल युनिटवर लागतं आणि त्या डबीने युनिट कमी होत नाहीत. बाकीचे सल्ले चुकीचे नाहीत पण तुमच्या घराला लागू आहेत की नाही हे सल्ला देणाऱ्याला माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही माहीत नसतं, कारण कोणती वस्तू किती खाते हे आपण कधी मोजलेलंच नसतं. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, आधी मोजा, मग खर्च करा. मोजायला पैसे लागत नाहीत, मोबाइलमधलं घड्याळ आणि एक वही पुरते.

एवढं एकच गणित लक्षात ठेवा: १००० वॅटची वस्तू १ तास चालली की १ युनिट. म्हणजे वॅट गुणिले तास, भागिले १०००. पुढचं सगळं यावरच आहे.

पायरी १: बिल उघडा आणि खालचा आकडा सोडून बाकीचं वाचा

ठाणे शहर आणि नवी मुंबईत बिल महावितरणचं येतं, कळवा-मुंब्रा-शीळ भागात फ्रँचायझी म्हणून टोरंटचं येतं, पण बिलाची रचना साधारण सारखीच आहे. चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि त्यांच्या तारखा बघा. बिल नेहमी बरोबर ३० दिवसांचं नसतं, कधी २८ कधी ३३, म्हणून 'गेल्या महिन्यापेक्षा जास्त आलं' असं म्हणण्याआधी एकूण युनिटला दिवसांनी भागा आणि रोजचे युनिट काढा. रीडिंगच्या जागी घर बंद किंवा सरासरी असं काही छापलेलं असेल तर तो महिना हिशोबात धरूच नका, ते युनिट अंदाजाचे आहेत.

मग मागच्या १२ महिन्यांचा वापर बघा, बिलावरच असतो. मे ची तुलना एप्रिलशी करू नका, मागच्या मे शी करा. आणि एक छान गोष्ट दिसेल त्यात, जानेवारी-फेब्रुवारीचा तुमचा सगळ्यात कमी आकडा. तो आकडा म्हणजे एसी नसतानाचं तुमचं घर. समजा जानेवारीत १८० आणि मे मध्ये ४२०, तर मधले २४० युनिट उन्हाळ्याचे, म्हणजे मुख्यतः एसी आणि थोडे पंखे-फ्रिज. पण जानेवारीतच ३०० असतील तर दुखणं एसीचं नाही, दुसरंच काहीतरी वर्षभर चालू आहे.

आता स्लॅब, म्हणजे दराचे टप्पे. घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे चढत जातात. बऱ्याच जणांना वाटतं ३०१ वं युनिट आलं की सगळेच युनिट महाग होतात, तसं नाहीये, फक्त वरचं युनिट महाग होतं. पण याचा फायदाही बघा ना, तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या म्हणजे सगळ्यात महाग स्लॅबमधून कमी होतं. त्यामुळे बचत मोजताना एकूण बिल भागिले युनिट असा सरासरी दर धरू नका, तुमच्या वरच्या स्लॅबचा वीज आकार, त्यात वहन आकार आणि त्या महिन्याचा इंधन समायोजन आकार, आणि त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, हा धरा. दर बदलत राहतात म्हणून तुमच्या ताज्या बिलावरचेच घ्या.

पायरी २: मीटरचा लाल दिवा वाचायला शिका

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे मीटर बहुतेक तळमजल्यावर मीटर रूममध्ये असतात, एका भिंतीवर तीस-चाळीस मीटर, धूळ, जळमटं, आणि फ्लॅट नंबर खडूने नाहीतर पेंटने लिहिलेले जे कधीकधी चुकीचे असतात. म्हणून बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर छापलेला क्रमांक जुळवून घ्या, खडूवर विश्वास ठेवू नका. कुठल्याही वायरला, कटआउटला, सीलला हात लावायचा नाही, फक्त बघायचंय. पावसाळ्यात रूममध्ये पाणी साचलं असेल तर आत जायचंच नाही.

मीटरवर एक छोटा लाल दिवा ब्लिंक होत असतो. बाजूला 'इम्प/केडब्ल्यूएच' असं लिहून एक आकडा छापलेला असतो, ३२०० किंवा १६०० किंवा ६४०० असा काहीतरी. म्हणजे तो दिवा तेवढ्या वेळा ब्लिंक झाला की १ युनिट झालं. ३२०० वाल्या मीटरला १० ब्लिंकना किती सेकंद लागतात ते मोजा आणि ११२५० ला त्या सेकंदांनी भागा, आलेला आकडा म्हणजे घरात या क्षणी चालू असलेले वॅट. १६०० असेल तर २२५०० ला भागा, ६४०० असेल तर ५६२५ ला. मोजताना पहिल्या ब्लिंकला 'शून्य' म्हणायचं, 'एक' नाही, नाहीतर हिशोब चुकतो.

दोन माणसं लागतात, एक खाली मीटरपाशी, एक वर घरात, मोबाइलवर कॉल चालू ठेवून. वरच्याने सगळं बंद करायचं, मग एकेक वस्तू लावायची आणि खालच्याने सेकंद सांगायचे. हॉलचा पंखा फुल लावला, १० ब्लिंकला १५० सेकंद, म्हणजे ७५ वॅट. पंखा बंद करून इस्त्री लावली की दिवा एकदम भराभर ब्लिंक व्हायला लागतो, मग १० ऐवजी १०० ब्लिंक मोजा आणि ११२५०० ला भागा. मुलांना या कामाला घ्या, ती हे फार आवडीने करतात आणि नंतर पंखा बंद करायला त्यांना परत सांगावं लागत नाही.

टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवणारा स्मार्ट मीटर बसलेला असेल तर आणखी एक फायदा आहे, घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू झाली. वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारी उरकता येत असेल तर उरका, आणि बिलावर ती सवलत दिसते का बघा.

फ्रिज, वॉशिंग मशीन अशा मधूनमधून चालणाऱ्या वस्तूंना ब्लिंकची पद्धत पुरत नाही कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. त्यासाठी युनिट मोजणारा स्मार्ट प्लग मिळतो, १६ ॲम्पिअरचाच घ्या, ६ वाला गीझर-एसीला लावला तर वितळेल. फ्रिजला निदान पूर्ण २४ तास लावून ठेवा, दोन दिवस लावला तर आणखी चांगलं. सोसायटीत चार घरांनी मिळून एक घेतला तरी चालतो, रोज थोडीच लागतो.

पायरी ३: झोपलेलं घर किती खातं

रात्री सगळे पंखे, लाइट, एसी बंद, फ्रिजचाही प्लग थोडा वेळ काढा, आणि मग ब्लिंक मोजा. आदर्श घरात जवळजवळ काहीच दिसायला नको. प्रत्यक्षात ४०-५०-६० वॅट दिसतात. ५० वॅट २४ तास ३० दिवस म्हणजे ३६ युनिट, दर महिन्याला, कोणालाही काही न देता.

कुठून येतात हे? सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी बराचसा चालूच असतो. वायफाय राउटर, इन्व्हर्टर, म्युझिक सिस्टिम, प्युरिफायर, बेलचा ट्रान्सफॉर्मर. आणि देवघरातला झिरोचा बल्ब! नाव झिरो पण जुना तारेचा झिरो बल्ब १२ ते १५ वॅट घेतो, दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला १० युनिटच्या आसपास. तोच एलईडीचा लावला तर अर्धा-एक वॅट. देवापुढचा दिवा बंद करा असं मी कोणालाच सांगणार नाही, फक्त बल्ब बदला, वीस-तीस रुपयांचं काम आहे आणि अख्ख्या यादीत सगळ्यात लवकर पैसे वसूल होणारं.

आता डीबीवरचा, म्हणजे घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीवरचा, मेन स्विच पाडून बघा. मेन बंद असताना मीटर ब्लिंक होत असेल तर गडबड मीटरची किंवा मीटरपासून घरापर्यंतच्या वायरची आहे, किंवा तुमच्या लाइनवर दुसऱ्या कोणाचं तरी काही जोडलं गेलंय. मेन चालू, सगळ्या वस्तू बंद, प्लग काढलेले, तरी ब्लिंक होतंय, तर त्या पेटीतला एकेक एमसीबी (प्रत्येक लाइनचा छोटा स्विच) पाडत जा, ज्याच्यावर थांबेल त्या लाइनवर लीकेज आहे. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची भिंत ओली होऊन वायरिंगमध्ये ओल शिरते, जुन्या इमारतींमध्ये, सिडकोच्या जुन्या घरांमध्ये हे बघायला मिळतं. हे बिलापेक्षा जिवाचं काम आहे, परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि आरसीसीबी (लीकेज झालं की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसलेला नसेल तर तेव्हाच बसवून घ्या.

पायरी ४: एकेक वस्तू, पण या क्रमाने

पंखा पहिला, एसी नाही. कारण ठाण्यात पंखा वर्षातले दहा-अकरा महिने चालतो. साधा पंखा ७०-८० वॅट, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा फुल स्पीडला ३० च्या आसपास. ४५ वॅटचा फरक, रोज १५ तास, म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट. सगळे एकदम बदलू नका, जो सगळ्यात जास्त तास फिरतो तो आधी, बहुतेक घरात तो हॉलचा किंवा आजी-आजोबांच्या खोलीतला असतो. गेस्ट रूमचा पंखा बदलून काही मिळत नाही. बीएलडीसी बसवताना जुना रेग्युलेटर काढून थेट कनेक्शन द्यायला लावा, तो मधे ठेवला तर पंखा बिघडतो. आणि जुना मोठा खटक्याचा डबा रेग्युलेटर अजून असेल तर तो पंखा हळू केला तरी उरलेली वीज उष्णतेत घालवतो, हात लावून बघा गरम लागेल.

फ्रिज. आपल्या किचनमध्ये जागा नसते म्हणून फ्रिज कोपऱ्यात ढकललेला, दोन्ही बाजूंना भिंत नाहीतर कपाट, वर डबे, अंगावर प्लास्टिकचं कव्हर. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजची गरम होणारी नळी बाजूच्या पत्र्याच्या आत असते, तिथे हवा खेळली नाही तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. चार बोटं जागा मागे आणि बाजूंना सोडा, कव्हर काढून टाका. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून दार लावा, नोट सहज ओढून निघाली तर तिथून थंडावा जातोय, रबर आधी साबणाच्या पाण्याने पुसा कारण बऱ्याचदा चिकटलेल्या घाणीमुळेच दार नीट लागत नाही, तरी नाही बसलं तर रबर बदलून मिळतं.

गीझरचं गणित फार सोपं आहे आणि डोळे उघडणारं आहे. एक लिटर पाणी एक अंश तापवायला ठरलेली ऊर्जा लागते, कुठल्याही कंपनीचा गीझर असला तरी ती बदलत नाही. २७ अंशाचं पाणी ४० ला नेऊन २० लिटरची एक बादली आंघोळ केली तर साधारण ०.३ युनिट. तेच शॉवरखाली दहा मिनिटं, मिनिटाला ८ लिटर धरले तर ८० लिटर, म्हणजे १.२ युनिट. चौघांचं घर असेल तर रोज १.२ आणि ४.८ एवढा फरक पडतो. म्हणून गीझरमध्ये स्टार शोधण्यापेक्षा शॉवरचं डोकं कमी पाण्याचं लावा नाहीतर बादली वापरा. थर्मोस्टॅट ७० वर असेल तर ५५-६० च्या दरम्यान आणा, आणि टाकीवाला गीझर दिवसभर चालू ठेवू नका. महानगर गॅसची पाइपलाइन आहे म्हणून गॅस गीझर लावायचा विचार असेल तर तो बाथरूमच्या आत कधीही लावू नका, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं दगावतात.

आता एसी. नवा घेताना लेबल नीट वाचा. बीईईचं, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं स्टार लेबल २००६ पासून आहे आणि निकष दर काही वर्षांनी कडक होत जातात, म्हणून जुन्या निकषांवरचा ५ स्टार नव्या निकषांवर ३ किंवा ४ भरू शकतो. लेबलवर कोणत्या कालावधीचं आहे ते छापलेलं असतं, आणि वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते १६०० तासांसाठी. म्हणजे ८०० युनिट लिहिले असतील तर तासाला सरासरी अर्धा युनिट. तुम्ही किती तास लावणार त्याने गुणा, मग ३ स्टार आणि ५ स्टारच्या किमतीतला फरक किती वर्षांत वसूल होतो ते कळेल. रोज रात्री आठ तास, मार्च ते जून आणि ऑक्टोबर, एवढा वापर असेल तर ५ स्टार घ्या. पाहुणे आले की तेवढाच लावणार असाल तर ३ पुष्कळ झाला.

असलेल्या एसीसाठी: २४ च्या खाली जाऊ नका, २६ ठेवून पंखा एक-दोनवर लावा. बीईईच्या हिशोबाने एकेक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. आपली तक्रार निम्मी दमटपणाची असते, म्हणून जून-सप्टेंबरमध्ये ड्राय मोड लावून बघा. फिल्टर दर दोन आठवड्यांनी नळाखाली धुवा, घोडबंदर रोडला मेट्रोचं काम आणि ट्रक यांच्यामुळे धूळ इतकी की तिथे आठवड्याने धुवावा लागतो. एसीच्या बाहेरच्या खोक्याकडे तर कोणीच बघत नाही. खिडकीतून वाकून नाही, टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा पुढे करून बघा, मागच्या बाजूला कबुतराचं घरटं, काड्या, विष्ठेचा थर असा जमलेला असतो की कॉइलला हवाच मिळत नाही. सर्व्हिसवाल्याला तिथलं काम आधी दाखवायला सांगा, साफ करण्याआधीचा आणि नंतरचा फोटो मागा. पाम बीच रोड आणि खाडीलगतच्या इमारतींत खाऱ्या हवेने कॉइलच्या पातळ पट्ट्या खराब होतात, हाताने चुरा होत असेल तर गॅस भरत बसण्यात अर्थ नाही.

एसी किती खातो हे मोजायचं असेल तर एसी लावलेल्या रात्री झोपताना आणि सकाळी मीटरचं रीडिंग घ्या, आणि एसी न लावलेल्या रात्रीही तेच करा, दोन्हींतला फरक म्हणजे एसी. सेटिंग बदलल्यावर परत करा. तीन-चार रात्रींची सरासरी घ्या, एका रात्रीवर जाऊ नका, हवा रोज वेगळी असते.

कूलरचं अनेक जण विचारतात. नाशिक-नागपूरला जो चालतो तो आपल्याकडे तितका चालत नाही, हवेत आधीच एवढी वाफ असते की पाण्याचं बाष्पीभवन नीट होत नाही आणि खोली उलट आणखी चिकट होते.

पायरी ५: उष्णता आतच येऊ देऊ नका

वरच्या मजल्यावर राहत असाल तर तुमचा एसी रात्री दहाला छताच्या स्लॅबशी लढत असतो, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडतो. वॉटरप्रूफिंगचं काम निघणारच असेल तर वर पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट किंवा पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे घ्यायला कमिटीला आग्रह करा, पत्र्याची शेड घातली तरी खूप फरक पडतो पण तिला महापालिकेची परवानगी लागते. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून सावली केलेली बरी, बांबूची चिक ग्रिलला बाहेरून बांधा, कारण काचेतून आत आलेलं ऊन पडद्याने परत जात नाही. स्लायडिंग खिडकीचे ब्रश झिजलेले असतात, ॲल्युमिनियमवाला ते बदलून देतो, एसीच्या खोलीत ते आधी करा. संध्याकाळी बाहेर गार झालं की जाळी लावून सगळं उघडा.

पायरी ६: सोसायटीचा मीटर

लिफ्ट, पाण्याचे पंप, जिने आणि पार्किंगचे लाइट, हे बिल मेंटेनन्समधून तुम्हीच भरता. कॉमन मीटरचं बिल कमिटीकडे मागा आणि तेच ब्लिंक रात्री दोन वाजता मोजून बघा, पार्किंगमध्ये किती ट्यूब जळतायत ते कळेल. सेन्सर लावा. टाकी ओव्हरफ्लो होत असेल तर पाणी आणि वीज दोन्ही गटारात. छतावर सोलर घ्यायचं असेल तर पीएम सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ ला आली, सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८००० रुपये अनुदान आहे. रो हाउसवाल्यांना १ किलोवॅटला ३००००, २ ला ६०००० आणि ३ किंवा जास्तीला ७८०००. एक किलोवॅट दिवसाला ढोबळ ४ युनिट देतो, पावसाळ्यात बरेच कमी. पण आधी वरच्या पायऱ्या करा, वापर कमी झाला की पॅनेलही कमी लागतात.

मीटर फास्ट आहे असं वाटलं तर

सगळं बंद करून फक्त गीझर लावा, थंड पाण्यावर, म्हणजे तो मधेच कट होणार नाही, आणि ब्लिंकवरून वॅट काढा. २००० वॅटचा गीझर १८०० किंवा २१०० दाखवेल, तो मीटरचा दोष नाही, व्होल्टेज खालीवर झालं की गीझरचे वॅट बदलतात. पण २६००-२८०० दिसत असतील, आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी मोजूनही तसेच दिसत असतील, तर तुमच्या तारखा, वेळा, सेकंद लिहिलेल्या वहीच्या पानाची झेरॉक्स जोडून उपविभाग कार्यालयात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फोनवर तक्रार १९१२ ला नोंदवता येते, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तपासणी तुमच्या समोर करायला सांगा आणि रिपोर्टची प्रत मागून घ्या. तिथे दाद लागली नाही तर पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत, दोन्हीकडे तीच वही आणि तीच पोच लागते.